सर्वपित्रीचं पान

नवऱ्याने टाकलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. वाईला माहेरी परतले. घरात कामाशिवाय माझ्याशी कुणी बोलत नसे.

लढाई संपल्यावर वर्षभरात पाचगणीहून एक ज्यू बाई वडिलांकडे संस्कृत शिकायला येऊ लागली. जर्मनांच्या छळछावणीतून वाचून ती पाचगणीतल्या डॉक्टर मामाकडे आली होती. दर शनिवारी मोटारीने घाट उतरून यायची. ‘मडमेला कसलं संस्कृत येतंय!’ म्हणून गल्ली हसली. चार महिन्यांत तिने वडिलांचीच चूक दाखवली. पुढे परदेशात ती मोठी पंडिता झाली, त्याचं मला तरी नवल वाटलं नाही.

धडा झाला की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मोडक्या मराठीत माझ्याशी बोले. त्या तासाभरासाठी मी आठवडा काढायचे, खोटं कशाला सांगू? तिच्या घरच्यांपैकी कुणाचाच पत्ता नव्हता. शोधासाठी पत्रं धाडली होती. बोलायची मात्र फक्त आईबद्दल.

भाद्रपदात मला शहाणपण सुचलं. मृत्यूची तिथी ठाऊक नसेल त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करतात. वडिलांची मनधरणी करून मी तिच्या आईसाठी वेगळं पान वाढलं. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं. त्या दिवशी शनिवारच होता. ती आल्याबरोबर मी कौतुकाने पान दाखवलं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. “माझी आई मेली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?” एवढंच म्हणाली आणि चपला घालून चालती झाली.

आधी मला रागच आला. सकाळपासून उपाशीपोटी रांधलं, त्याचं हे फळ! मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. ज्या आईची ती वाट बघत होती, तिला मी परस्पर मारून मोकळी झाले होते.

वर्षभर ती फिरकली नाही. मी दोनदा पत्र लिहिलं, दोनदा फाडलं. पुन्हा चूल आणि मी.

पुढच्या सर्वपित्रीला ती सकाळीच दारात उभी राहिली. हातात लखोटा होता.

“उत्तर आलं. दिवस कोणालाच माहीत नाही,” ती म्हणाली. मग खाली बघत, “पान वाढाल?”

मी पत्रावळ काढली. “आईचं एकच ना?”

ती बोटांवर मोजू लागली. आई, वडील, आजी, दोन भाऊ, बहीण, बहिणीची तीन मुलं... दोन्ही हातांची बोटं संपली, तरी ती थांबेना. मी शेजारी पत्रावळी मागायला गेले.