डॉक्टरांनी सांगितलेला जोर

माझ्या नवऱ्याचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन औरंगाबादला झालं. लघवीची नळी काढून आम्ही तीर्थपुरीला परतलो, तेव्हा मी लगेच घर लावून घेतलं. गादीवर मेणकापड, उशाशी जुन्या सुती साड्यांच्या घड्या, मोरीत झाकणाची बादली. लघवी सारखी गळत होती. ती थांबवणं मात्र माझ्या हातात नव्हतं.

यांना घाई होती ती बुद्धविहारात जायची. आमच्या वस्तीत रविवारची वंदना कित्येक वर्षं हेच घेत. सगळे पांढऱ्या कपड्यांत, खाली पांढऱ्या चादरीवर मांडी घालून. तिथं डाग पडला तर गावात तोंड दाखवणार नाही, असं हे म्हणत.

नवीन जालन्यात लघवी धरून ठेवायचा व्यायाम शिकवणारे एक तरुण डॉक्टर होते. त्यांच्याकडे गेलो. मी शेजारीच बसले होते, म्हणून ते फार सांभाळून बोलले. खालून जोर धरायचा, मग सोडायचा. सकाळ-संध्याकाळ जोर चुकवायचा नाही. यांनी मान डोलावली, काही विचारलं नाही.

लग्नाआधी हे तालमीत जात. तालमीत जोर म्हणजे हात जमिनीला टेकून छाती खाली न्यायची आणि अंग वर उचलायचं. दुसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गच्चीवर गेले, तर हे घामाघूम. डॉक्टरनंच सांगितलं, जोर करून राह्यलो, म्हणाले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चेहरा खुलला होता. थोड्याच दिवसांत लघवीतून रक्त आलं.

पुन्हा एसटी, पुन्हा औरंगाबाद. जखम आतून दुखावली होती. महिनाभर काहीच करायचं नाही, असं सांगितलं. महिन्यानं जालन्याला गेलो. झालेला प्रकार ऐकून तरुण डॉक्टरांचं तोंड उतरलं. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी उठले नाही, जे असेल ते माझ्यासमोर सरळ शब्दांत सांगा म्हणाले.

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "काका, चार माणसांत बसलात आणि वारा सरायला आला, तर काय करता?"

"आवळून धरतो."

"बस, तेवढंच करायचं. बाकी अंग हलवायचं न्हाई."

"मंग त्याला जोर कशाला म्हणला, बाबा?"

"काकू होत्या ना समोर."

कुणी हसलं नाही.

त्यानंतर यांनी व्यायाम मन लावून केला. आधी झोपून, मग बसून. हळूहळू बसल्या जागी कोरडं राहू लागलं. उठताना मात्र भरवसा नसे. उठण्याआधी आवळायचं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पुढं एका रविवारी हे विहारात गेले. वंदना घेतली, आवाज पूर्वीसारखाच लागला. शेवटी सगळे उठले. हे अर्धवट उठले आणि पुन्हा खाली बसले.

मला कळलं. एक जण हात द्यायला आला, त्याला मी, यांचा गुडघा धरलाय, म्हणून सांगितलं आणि पुढं पाठवलं. विहार रिकामा होईपर्यंत हे मान खाली घालून तसेच बसून होते. मग मी चादर गुंडाळली, धुवायला घरी आणली.

"वंदनेला दुसरं माणूस बघा म्हणावं," वाटेत हे एवढंच बोलले. मी संध्याकाळीच जाऊन सांगून आले.

व्यायाम यांनी सोडला नाही, पण विहारात परत गेले नाहीत. रविवारी तिकडून आवाज येऊ लागला की उठून दार लावून घेत.