कुमुदला झोपवायची ट्रिप

पुष्पा लोखंडेजवळ एकही किस्सा शिल्लक नसतो. घडला की लगेच सांगून टाकते आणि दुसऱ्या दिवशी नवा शोधते. माझं उलट आहे. मला चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून सगळ्यांचे किस्से माझ्याजवळ येऊन साचतात, माठाखालच्या परातीत पाणी साचतं तसे. डुंगरियाच्या ट्रिपचे तर इतके साचलेत की आता परात काठापर्यंत आली आहे.

आधी कुमुदचं सांगायला हवं, कारण ट्रिप तिच्यासाठीच निघाली होती.

कुमुद माझ्या बाकावर बसते आणि जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात राहते. तिचा दादा फौजेत आहे. लढाई सुरू झाल्यापासून त्याची काही खबर नाही. तार सायकलवरून येते आणि कधीही येते, म्हणून गल्लीत सायकलची घंटी वाजली की कुमुद उठून बसते. आता शिफ्ट सुटल्यावर कांचघरच्या गल्ल्यांतून किती सायकली जातात ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत. त्यातून लढाईच्या ओव्हरटाइममुळे दारूगोळ्याची फॅक्टरी रात्रभर चालू, म्हणजे सायकलीही रात्रभर चालू. थोडक्यात, कुमुद झोपतच नाही. वर्गात तिचे डोळे हळद-कुंकू दोन्ही लावल्यासारखे दिसतात.

आमच्या भूगोलाच्या घाटे बाई परवानगी मागायला तिच्या घरी गेल्या. मी आणि पुष्पा मागे उभ्या होतो. कुमुदचे बाबा नुकतेच ड्यूटीवरून आले होते.

"इथं आम्ही दोन-दोन शिफ्ट करून राहिलो बाई, अन् तुम्ही पोरींना डोंगर दाखवायला नेऊन राहिल्या?"

"डोंगर बाकीच्यांना," बाई म्हणाल्या. "कुमुदला मी झोपवायला नेते आहे. तिथे सायकल नाही."

काकू आत गेल्या, कुमुदची उशी घेऊन आल्या आणि ती बाईंच्या हातात देऊन म्हणाल्या, "एकदा तरी झोपली ना, तर मला येऊन सांगा. डोंगराचं नका सांगू."

* * *

डुंगरिया हे कुंडमकडच्या डोंगरातलं गोंडांचं गाव. बस खालच्या रस्त्यावर सोडते, मग चढायचं. आम्ही डझनभर मुली, बाई आणि ती उशी असे चढून गेलो. गावाचा मुखिया, म्हणजे मुकद्दम, वेशीवर उभा होता. त्याची म्हातारी आई अंगणात परात आणि लोटा घेऊन बसली होती. सगळं गाव तिला दाई, म्हणजे आई, म्हणतं.

त्यांच्याकडे पाहुण्याचे पाय धुतात. दाईने पहिल्यांदा बाईंचे पाय धुतले. एवढ्या वयाच्या बाईने आपले पाय धुतले म्हणून आमच्या बाईंना कसंसंच झालं. त्यांनी खाली वाकून लोटा घेतला आणि दाईचे पाय धुतले. पाहुणीने पाय धुतले म्हणून दाईला कसंसंच झालं. तिने लोटा घेतला आणि पुन्हा बाईंचे धुतले. मग बाईंनी दाईचे. आम्ही मुली धुळीच्या पायांनी रांगेत ताटकळत होतो.

शेवटी मुकद्दमाने लोटा काढून घेतला.

"अब बस करो दोई जनीं. कुआँ दूर है."

* * *

जेवताना मुकद्दम सहज विचारत होता, कोणाचा बाप काय करतो. आता आम्ही सगळ्या फॅक्टरीवाल्यांच्या मुली. घरी आम्हाला सक्त ताकीद आहे, बाहेर कोणाला काही सांगायचं नाही. मला तर गप्प बसायची सवयच आहे, पण त्या दिवशी सगळ्याच माझ्यासारख्या झाल्या. सगळ्यांनी पुष्पाकडे पाहिलं.

"नौकरी करते हैं," पुष्पा म्हणाली.

"काय की नौकरी?"

"सामान बनाते हैं."

"कैसो सामान?"

"वो नहीं बता सकते."

"रात में बनात हैं कि दिन में?"

"आजकल रात में भी."

मुकद्दमाने घास खाली ठेवला. एकेकीकडे नीट पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "समज गए बिटिया. घबराओ नें. हमाए साले सोई घर में महुआ की बनात हैं. हम काऊ सें नें कैहैं."

बाईंना ठसका लागला. त्या दिवसापासून डुंगरियात सगळे समजतात की जबलपूरच्या दारूवाल्यांच्या पोरी फार चांगल्या वळणाच्या असतात.

* * *

पुष्पा आमच्या शाळेची वॉर्डन आहे. मैदानात खंदक खणले आहेत. सायरन वाजला की सगळ्यांनी त्यात पालथं पडायचं, कानांत बोटं, दातांत रुमाल. पुष्पा 'ऑल क्लिअर' ओरडेपर्यंत कोणी डोकं वर काढायचं नाही. घरी काय नि शाळेत काय, हे आता इतकं अंगात भिनलंय की साधी शिट्टी ऐकली तरी हात आधी रुमालाकडे जातो.

संध्याकाळ झाली आणि घराघरांत चुली पेटल्या. उघड्या दारांतून उजेड अंगणात आला. पुष्पाला राहवेना. ती दारोदार जाऊन सांगायला लागली, "बत्ती बुझाओ, बत्ती बुझाओ, ऊपर से दिखता है."

एका चुलीजवळच्या बाईने विचारलं, "कौन खों दिखत है?"

"दुश्मन को."

ती बाई बिचारी चुलीपुढे परात आडवी लावायला निघाली होती. तेवढ्यात समोरच्या डोंगरामागून चंद्र वर आला, पूर्ण गोल. सगळं गाव, वाटा, गुरं, पुष्पाच्या वेण्यासुद्धा लख्ख दिसायला लागल्या.

त्या बाईने चंद्राकडे पाहिलं, मग पुष्पाकडे.

"जा बत्ती तो हमसें नें बुझहै, बिटिया. तुम कै देखो."

* * *

त्या रात्रीही कुमुद झोपली नाही. सकाळी तिची उशी जशी आणली होती तशीच टम्म फुगलेली होती.

"काहून गं?" बाईंनी विचारलं. "इथे तर एकही सायकल नाही."

"तेच ना बाई," कुमुद म्हणाली. "एवढं शांत आहे की कुठून तरी वाजेल असं वाटून राहिलं."

बाकीच्यांचंही सकाळी काही सुधरत नव्हतं. आमच्याकडे सगळं भोंग्यावर चालतं. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला वरण चुलीवरून उतरलेलं पाहिजे. इथे भोंगा नाही म्हटल्यावर एकीला कळेना की उठायचं कधी, दुसरीला कळेना की आंघोळ करावी की नको. सगळ्या नुसत्या येरझारा घालत होत्या आणि येता-जाता बाईंचं घड्याळ बघत होत्या.

पुष्पाने दाईला विचारलं, "दाई, यहाँ खाना कब खाते हैं?"

"जब भूक लगे."

पुष्पाने बाईंच्या घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्या कानात म्हणाली, "असं कसं जमत असेल गं यांना?"

* * *

मुली अशा सैरभैर झाल्या की बाईंकडे एकच औषध आहे, पीटी. त्यांनी आम्हाला अंगणात रांगेत उभं केलं. "एक, दो, तीन, चार." हात वर, हात बाजूला.

माझ्या मागे काहीतरी हललं म्हणून मी वळून पाहिलं, तर मुकद्दम हात वर करून उभा. त्याच्या मागे त्याचा भाऊ, त्याच्या मागे भावाची बायको, बाळ कडेवर घेऊन, एकच हात वर. बघता बघता आमच्या रांगेमागे गावाची रांग लागली. दाईला वाकता येईना, म्हणून ती खाटेवर बसल्या बसल्या मान डावीकडे, मान उजवीकडे करत होती. कोणी हसत नव्हतं.

बाई गोंधळल्या. "अरे, आप लोग क्यों कर रहे हैं?"

दाई म्हणाली, "पाहुने जो करें, सो संग में करने परत. पाहुनो अकेलो नें परो चइए."

हा त्यांचा नियमच आहे म्हणे, पहिल्यापासूनचा. बाईंनी मग पीटीतला उड्या मारायचा भाग गाळला.

* * *

बाईंचा दुसरा उपाय म्हणजे दमवणे. गावामागचा डोंगर उभा आहे. बाई म्हणाल्या, वर जाऊन येऊ, कुमुद दमेल, की झोपलीच समजा. अर्ध्या वाटेवर पुष्पाने तिची पिशवी कुमुदकडे दिली. पाऊण वाटेवर बाईंनी त्यांची दिली. उशी तिच्याच काखेत होती. वर पोचल्यावर उन्हात गवतावर सगळ्या ज्या आडव्या झाल्या त्या झाल्याच. मीसुद्धा.

जाग आली तेव्हा कुमुद एका दगडावर बसून खालच्या रस्त्याकडे बघत होती. सगळ्यांच्या पिशव्या तिच्याभोवती नीट मांडलेल्या होत्या. उशी बाईंच्या डोक्याखाली होती.

बाई दचकून उठल्या. "झोपली होतीस का गं थोडी?"

"नाही बाई," कुमुद म्हणाली. "तुम्ही मात्र घोरून राहिल्या होत्या."

* * *

खाली आल्यावर ही गोष्ट दाईला कळली. तिने कुमुदला पुढ्यात बसवलं आणि महुआच्या बियांचं तेल तिच्या डोक्यावर ओतलं.

"काय बिटिया, नींद काय नईं आत?"

"भाई लड़ाई में है," कुमुद म्हणाली.

दाई हळूहळू चोळत राहिली. तिची बोटं इतकी सावकाश फिरत होती की बघणाऱ्या आम्हालाच जांभया यायला लागल्या. बाईंनी तोंडावर बोट ठेवून आम्हाला लांब केलं. मग बोटं थांबली. आम्ही खांबाआडून वाट पाहत राहिलो. शेवटी पुष्पा चवड्यांवर जाऊन बघून आली.

"झोपली," ती म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून सुटकेचा निःश्वास सोडला.

"दाई झोपली," पुष्पा म्हणाली. "कुमुद जागी आहे. दाईचा हात डोक्यावर आहे म्हणून हलून नाही राहिली."

बराच वेळ ती तशीच बसली, कपाळावरून तेल ओघळत होतं तरी.

* * *

आता शेवटचा.

परतीची बस त्याच दुपारची होती. ती चुकली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत बस नाही, आणि अंधार पडायच्या आत सगळ्या मुलींना घरी पोचवायचा शब्द बाईंनी दिला होता. आम्ही सामान बांधून खळ्यावर बसलो होतो. खळ्याच्या कडेने पाण्याची एक कोरडी चारी आहे. झोडपलेलं तणस तिच्यात भरून ठेवलं होतं. कुमुद न झोपताच परत न्यायची ती उशी बाई मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "तुझ्या आईला काय सांगू मी आता?" त्या म्हणाल्या. कुमुद म्हणाली, "डोंगराचं सांगा."

आम्हाला निरोप द्यायला शेजारच्या टोल्यावरून, म्हणजे वाडीवरून, सैला नाचणारे यायचे होते. हातात काठ्या घेऊन, ढोल वाजवत नाचतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. त्यांच्यापुढे एक माणूस मोठं वाकडं शिंग फुंकत येतो, हे कोणी सांगितलं नव्हतं.

शिंग वाजलं. खालून वर चढत जाणारा लांबच लांब आवाज.

मला पुढचं काही ठरवल्याचं आठवत नाही. मी चारीत पालथी होते, कानांत बोटं, दातांत रुमाल. माझ्या एका बाजूला कुमुद, दुसऱ्या बाजूला पुष्पा, पलीकडे बाकीच्या सगळ्या. बाईसुद्धा. उशी कुठे उडाली कोणास ठाऊक.

शिंग मध्येच थांबलं. मी कानातलं एक बोट काढलं. मग धप्प असा आवाज आला, काठ्या जमिनीवर ठेवल्याचा. मग आणखी धप्प धप्प, माणसं आडवी होत असल्याचे. मी हळूच मान वळवली.

मुकद्दम खळ्यावर पालथा पडला होता, दातांत मुंडाशाचं टोक धरून. त्याच्या मागे त्याचा भाऊ, भावाची बायको, पोरंबाळं. नाचणारे सगळे पालथे, डोक्यांवरची मोरपिसं धुळीत टेकलेली. ढोलवाला ढोलावर आडवा. शिंगवाल्याने शिंग पोटाखाली घेतलं होतं. आणि दाई चारीच्या काठावर कुशीवर आडवी झाली होती, कानांत बोटं घालून, तोंडात लुगड्याचा पदर.

पुष्पाचं आमच्याआधी लक्षात आलं की हा सायरन नाही. ती कोपरांवर उठली आणि 'ऑल क्लिअर' ओरडायला तिने छाती भरून श्वास घेतला.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. असं मी आजपर्यंत कोणाला केलेलं नाही. पुष्पा इतकी चकित झाली की गप्प बसली. मी तिला कुमुदकडे बोट दाखवलं.

कुमुदच्या कानांतली बोटं गळून पडली होती. रुमाल अर्धा तोंडाबाहेर आला होता आणि श्वासाबरोबर वर-खाली होत होता. तेलकट केसांना तणस चिकटलं होतं.

पुष्पाने बाईंना दाखवलं. बाईंनी दाईला. दाईने पदर तोंडातून काढून मुकद्दमाला काहीतरी खूण केली आणि पदर परत तोंडात घातला. मुकद्दमाने मागे खूण केली. अशी ती खूण शेवटच्या ढोलवाल्यापर्यंत गेली. जो मान उचलायला लागला होता त्याने ती परत खाली ठेवली.

ऊन चांगलं होतं. कोणाचं तरी बाळ एकदा कुरकुरलं आणि त्याच्या आईने पडल्या पडल्याच त्याला पदराखाली घेतलं.

बऱ्याच वेळाने मुकद्दम कोपरांवर सरपटत बाईंजवळ आला.

"बाई, जो तुमाओ नेम कित्ती देर चलत है?"

बाईंनी घड्याळात पाहिलं. मग ते मनगटावरून काढून पिशवीत टाकलं.

"वैसे तो थोड़ी ही देर," त्या म्हणाल्या. "आज ज़रा लंबा चलेगा."

"कौनऊ बात नईं," मुकद्दम म्हणाला, आणि तिथेच गाल जमिनीला लावून पडला.

खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. थांबून पुन्हा एकदा वाजला. खळ्यावर एकही मान वर झाली नाही.