दोन तासवाल्या बाई

लॅबमध्ये त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. सगळे म्हणत, दोन तासवाल्या बाई. जुलाबाच्या रोग्याचा नमुना दोन तासांच्या आत आला नाही आणि गारव्यातही ठेवलेला नसला, तर बाई तो सरळ परत करायच्या. लोक बिचारे आधीच लाजेनं अर्धमेले. डबी तीन पिशव्यांत गुंडाळून, वर मिठाईच्या खोक्यात घालून आणायचे.

"अहो बाई, घाणच ती, आणखी काय शिळी व्हायची?" एका आजोबांनी विचारलं होतं.

"घाण राहते आजोबा, त्यातलं विष नाहीसं होतं. मग मी लिहिणार 'विष नाही', आणि डॉक्टर देणार भलतंच औषध."

काम मोठं निगुतीचं. नमुना गाळायचा, त्याचे थेंब बशीतल्या जिवंत पेशींवर सोडायचे आणि दोन दिवस वाट पाहायची. जंतूंचं विष असलं, की एकमेकींना धरून पसरलेल्या पेशी सुटतात, आक्रसून गोल होतात. सूक्ष्मदर्शकातून ते पाहताना बाई मनात हात जोडायच्या. एवढ्याशा जिवालाही देवानं आपलं दुखणं सांगायची सोय करून ठेवली आहे.

बाईंच्या सासूबाईंना पायाच्या जखमेसाठी महिनाभर जालीम औषधं चालली होती. ती संपतात न संपतात तोच जुलाब लागले. अशा औषधांनंतरच ते विषारी जंतू पोटात माजतात, म्हणून बाईंच्या मनात लगेच पाल चुकचुकली. रविवारी संध्याकाळी त्यांनी नमुना घेतला. लॅब उघडणार सोमवारी. डबी घेऊन त्या फ्रिजपाशी गेल्या, तर थोरल्या जाऊबाई आडव्या उभ्या.

"अगं, वेड लागलं का तुला? दूध आहे आत!"

"झाकण घट्ट आहे, ताई. वरून दोन पिशव्या आहेत."

"दहा घाल! तुझी लॅबची हुशारी लॅबमध्ये. माझ्या फ्रिजमध्ये हे चालायचं नाही."

आतून सासूबाई कण्हल्या, "माझ्यापायी भांडू नका गं पोरींनो."

परक्यांशी तासभर हुज्जत घालणाऱ्या बाई घरात मात्र गप्प बसल्या. शेजारून बर्फ मागता आला असता. पण कशाला हवा म्हणून विचारलं तर काय सांगणार? उन्हाळ्याचे दिवस, डबी न्हाणीघराच्या खिडकीत सकाळपर्यंत राहिली.

सोमवारी 'नमुना घेतल्याची वेळ' या रकान्यात बाईंनी लिहिलं, सकाळी सहा.

दोन दिवस पेशी शांत होत्या. दुसरा नमुना घ्यावा, असं सारखं मनात येई. पण मग पहिल्याचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. 'विष आढळले नाही' असा अहवाल गेला. डॉक्टरांनी जुलाब थांबवायचं औषध दिलं. सासूबाई त्यांना कौतुकानं म्हणाल्या, "माझ्या सुनेनं तपासलंय. तिचं चुकायचं नाही."

जुलाब थांबले आणि पोट फुगलं. पाचव्या दिवशी त्यांना दवाखान्यात ठेवलं, वॉर्डातून ताजा नमुना आला, आणि दोन दिवस थांबावंही लागलं नाही; दुसऱ्याच सकाळी बशीतल्या झाडून सगळ्या पेशी गोल झालेल्या. खरं औषध सुरू झालं, पण अंगात ते पेलायची ताकद उरली नव्हती. नवव्या दिवशी सासूबाई गेल्या.

कोणी काही विचारलं नाही. वय झालं होतं, म्हणाले सगळे. बाई रोज देवापुढे बसायच्या, पण 'क्षमा कर' हे शब्द काही ओठांवर येईनात. ज्यांची मागायची, त्या तर निघून गेल्या होत्या.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी जाऊबाईंनी हौसेनं चार माणसं बोलावली. "हजारो नमुने तपासले हिनं," त्या सांगत होत्या, "पण एक चुकेल तर शपथ!"

"एक चुकला होता, ताई."

"कोणाचा गं?" जाऊबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या. फ्रिजची ती संध्याकाळ त्यांच्या गावीही नव्हती.

बाई त्यांच्या पिकल्या केसांकडे पाहत राहिल्या. खरं सांगितलं तर अर्धं पाप त्यांच्या पदरात पडणार, आणि या वयात ते त्यांना सोसणार नाही. शिवाय रकाना काही त्यांनी भरला नव्हता.

"होत्या एक आजी. त्यांच्या नमुन्याची वेळ मी खोटी लिहिली."

"अरेरे! घरच्यांना कळलं का गं?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि पुढे केलेला कप त्यांनी हातात घेतला.