शेततळ्यांजवळच्या विहिरी

धामणगाव बढ्याच्या शिवारात आम्ही दोघी विहिरींचं पाणी मोजत हिंडायचो. मी संख्याशास्त्र शिकून गावी परतले होते. ती मोताळ्याची, भूगोलाची पदवी घेतलेली. पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेमुळे आमची गाठ पडली. तिच्या स्कूटीवर मागे बसून मी मोजायची फीत सांभाळायचे. विहिरीवर पोचलं की ती कठड्यावरून वाकून फीत खाली सोडायची, मी आकडा टिपायचे. मग शेतमालकाच्या घरच्यांशी तिच्या गप्पा रंगायच्या आणि रोज उशीर व्हायचा. मी कुरकुर करायचे. आता तोच उशीर हवासा वाटतो.

आमचा प्रश्न साधा होता. पावसाचं पाणी साठावं म्हणून अनुदानातून शेततळी झाली होती. पण बरेच जण दिवाळीनंतर बोअरवेलचं पाणी उपसून ती भरून ठेवत. त्यामुळे आसपासच्या विहिरी लवकर आटतात का, हे तपासायचं होतं. जमीन सारखी, पाऊस सारखा, अशा विहिरी आम्ही निवडल्या. काही तळ्यांजवळच्या, काही लांबच्या. मोजणी जमल्यावर आलेख काढला. दिवाळीपर्यंत दोन्ही रेषा जोडीने चालत होत्या. तळी भरायला लागली की जवळच्या विहिरींची रेषा झपाट्याने खाली जात होती.

त्या तळ्यांत माझ्या दादाचंही तळं होतं. त्यावरच त्याने डाळिंबाची बाग जगवली होती.

ग्रामसभेत आलेख दाखवायची वेळ आली तेव्हा दादा समोरच बसलेला पाहून मी आलेख तिच्या हातात दिला. मग तीच उभी राहिली. सगळं ऐकून दादाने विचारलं, "म्हंजे आमच्या तळ्यानं लोकायच्या विहिरी आटून राह्यल्या, असंच ना?"

"तळ्याचा दोष नाही, दादा," ती म्हणाली. "जमिनीखालचं पाणी सगळ्यायचं एकच हाय. ते वर आणून उन्हात ठेवलं, तर उडून जाते, ते कोणालेच भेटत नाही."

घरी आल्यावर दादाने मला आलेख पुन्हा उलगडायला लावला आणि खोदून खोदून विचारत राहिला. पुढे गावाने ठरवलं, तळी पावसाच्याच पाण्याने भरायची. सगळ्यांनी ते पाळलं नाही. दादाने पाळलं. बागेतली काही झाडं काढून तिथे हरभरा पेरला, आणि कित्येक दिवस माझ्याशी मोजकंच बोलला.

त्याच सुमारास तिचं लग्न ठरलं आणि ती हैदराबादला गेली. मलकापूर स्टेशनवर गाडी हलताना ती एवढंच म्हणाली, "मोजणी सोडू नको बरं."

मी सोडली नाही. फक्त इतक्या वर्षांत विहिरींत पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसली आहेत आणि मी पुण्यात पडद्यासमोर बसून आकडे पाहते. गेल्या उन्हाळ्यात तळ्यांजवळची रेषा पूर्वीसारखी घसरली नाही. पाऊस जास्त झाल्याचा हा परिणाम असेल म्हणून तो हिशेबातून वजा करून पाहिला. तरी फरक उरलाच. मी तिला आलेख पाठवला. तिचं उत्तर आलं, "रेषा काय दाखवून राह्यली? पाणी दाखव न."

मी रजा टाकून गावी गेले. दादाच्या शेजाऱ्याच्या विहिरीवर उभी राहून तिला व्हिडिओ कॉल लावला. भर उन्हाळ्यात खाली पाणी चमकत होतं. दादाने माझ्या हातून फोन घेतला आणि म्हणाला, "ये न माय एखाद्या वेळी इकडं."

"येतो दादा. हिवाळ्यात नक्की येतो."

हिवाळा येऊन गेला. आधी तिच्या सासूचं ऑपरेशन निघालं, मग मुलीची परीक्षा. मी विचारणं सोडलंय. गावी जाताना बस मोताळ्यात थांबते तेव्हा मात्र मी खिडकीशी सरकून तिच्या माहेरच्या गल्लीकडे पाहते.