राजकुमारचं मीठ

मला त्या सिनेमाची किळस येते, आणि डोळे पुसत तो पाहणाऱ्या आमच्या गावाची त्याहून जास्त.

राजकुमार आमच्या शेजारच्या वच्छलाबाईंचा मुलगा. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात तो चाळिशीला आला. तो नजरेला नजर देत नाही, बोललात तर तुमचेच शब्द परत करतो, मोठा आवाज झाला की कान दाबून बसतो. डॉक्टरांनी त्याला ऑटिझम म्हटलं. गाव त्याला भोळा म्हणायचं आणि त्याच्या वाटेला जायचं नाही. एक काम मात्र त्याचं होतं. लग्न असो की तेरवी, पंगतीत मीठ राजकुमारच वाढायचा. पत्रावळीच्या कडेला चिमूटभर टाकायचं की पुढचं पान. आपल्यामागे पोराला निदान पंगतीत तरी जागा राहील, एवढ्यावर वच्छलाबाई निश्चिंत होत्या.

मग तो सिनेमा आला. इस्त्रीच्या शर्टातला एक देखणा नट ऑटिझम म्हणून मान तिरकी धरून बोटं नाचवतो, आणि कोणतीही तारीख विचारा, वार सांगतो. शेवटी सगळं शहर त्याच्यासाठी टाळ्या वाजवतं. गावाने तो घरोघरी मोबाइलवर पाहिला आणि लोक राजकुमारच्या ओसरीवर येऊन बसले. माझ्या लग्नाचा वार सांग, म्हणायचे. तोही म्हणायचा, वार सांग. लोक खिदळायचे आणि पुन्हा विचारायचे.

हद्द केली गुलाबरावांनी. गावातले मोठे बागायतदार, पैशाला तोटा नाही, अकलेचं काय सांगावं. मुलीच्या लग्नात त्यांनी राजकुमारच्या हातातलं मिठाचं ताट काढून भाच्याला दिलं, राजकुमारला स्टेजवर बसवलं, गळ्यात हार घातला आणि व्याह्यांना तारीख विचारायला सांगितलं. माइक किंचाळला. राजकुमारने कान दाबले आणि तो खुर्चीतच डोलू लागला. सिनेमातल्यासारखा काही नाही हा, असं व्याही म्हणाले. गुलाबरावांचं तोंड उतरलं.

"काहीच येत नाई याले," ते माइकवरच बोलले, "नुसता येडा हाय."

इतक्या वर्षांत गावाने त्याला तो शब्द कधी लावला नव्हता.

राजकुमार खाली उतरला तेव्हा पंगत अर्धी जेवून झाली होती. भाच्याने खांबापाशी टाकलेलं मिठाचं ताट त्याने उचललं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. लोकांनी पानांवर हात आडवे धरले. सिनेमा पाहून ज्यांनी रुमाल भिजवले होते तेच हे हात. "जेवण खराब करते हा," कोणी खेकसलं. प्रत्येक पानापाशी तो थांबायचा, हात हलायची वाट पाहायचा, मग पुढे सरकायचा. असं करत तो बायकांच्या पंगतीत आईपाशी आला. वच्छलाबाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

"वाढ बापा," त्या म्हणाल्या.

त्याने चिमूटभर मीठ टाकलं. सगळ्या मांडवात तेवढंच पान उघडं होतं, म्हणून पुन्हा टाकलं, आणि पुन्हा. ताट रिकामं होईपर्यंत तो टाकत राहिला. वच्छलाबाईंनी ते सगळं मीठ भातात कालवलं आणि गुलाबरावांकडे पाहत शेवटच्या शितापर्यंत खाल्लं.