मुलासाठी घेतलेलं कार्ड

माझ्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड अजून एकदाही कुरकुरलेलं नाही, आणि ज्यांनी ते बसवलं त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

कसबा पेठेतल्या त्यांच्या दुकानात नियम एकच होता: कार्ड हवं असेल तर अख्खा सीपीयू घेऊन या. मी तो खराडीहून रिक्षात मांडीवर घेऊन गेलो.

"कोणासाठी?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

"मुलासाठी. गेम खेळतो तो."

पन्नाशीच्या माणसाने दुसरं काय सांगायचं? मला एकच मुलगी, आणि तिला गेमचा तिटकारा.

त्यांनी झाकण उघडलं आणि देव पुसावेत तशी हलक्या हाताने, रंगाच्या ब्रशने धूळ झटकली. पंख्यात अडकलेला एक पांढरा केस चिमट्याने काढून माझ्यासमोर कागदावर ठेवला.

"मुलाने लहान वयात फार सोसलंय," ते म्हणाले.

मी सर्वांत महागड्या कार्डाकडे बोट दाखवलं.

"मॉनिटर जुनाच ना? मग फरक दिसणार नाही. उगाच कशाला?"

त्यांनी फडताळातून निम्म्या किमतीचं, वापरलेलं कार्ड काढून बसवलं. पंखा सुरू करून, डोळे मिटून त्याचा आवाज ऐकला.

"हे नक्की चालेल?"

"अहो, माझ्या मुलासाठी घरी हेच बसवलंय. रोज संध्याकाळी दोन तास खेळतो." शेवटचा स्क्रू आवळून त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "माझं लग्न झालेलं नाही."