रुग्ण क्रमांक सात

नव्वदच्या दशकात मी सांगलीतल्या एका प्रयोगशाळेत रक्त काढायचं काम करत होते. तिथे मोठं संशोधन झालं म्हणे. झालं, पण कुणाच्या जिवावर झालं ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते.

शिराळ्याकडची एक बाई यायची. हळदीच्या वखारीत कामाला होती. बोटांचं कातडं ताठ झालेलं, थंडीत बोटं पांढरीफटक पडायची. रक्तातली प्रतिपिंडं जंतूंना सोडून आपल्याच पेशींवर उलटली की असं होतं. आमच्या साहेबांनी तिचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळं पाणी, पेशींवर टाकलं, चमकणारा रंग लावला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या केंद्रकात हिरवे ठिपके दिसले. साहेब हरखले. तिच्या प्रतिपिंडांनी केंद्रकातलं नेमकं कुठलं प्रथिन धरलंय, ते त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी तिचं सीरम लागायचं, आणि भरपूर लागायचं.

मग दर महिन्याला तिला बोलावणं. रोजगार बुडवून ती एसटीनं यायची, दंड पुढे करायची आणि विचारायची, "ताई, मला झालंय काय? गावात म्हारोग म्हणत्यात."

महारोग नाही, हे पहिल्याच आठवड्यात कातडी तपासून पक्कं झालं होतं. फाईलमध्ये तसं लिहिलेलंही होतं. पण रिपोर्ट सांगायचा तो साहेबांनीच, रक्त काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा आमचा नियम. मी म्हणायचे, "साहेब सांगतील." साहेब म्हणायचे, "काम चालू आहे." म्हणजे त्यांचं काम.

साहेब तसे वाईट नव्हते, असं आजही कुणी म्हणालं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. चांगल्या माणसाला दोन मिनिटं सापडू नयेत?

दोन वर्षांनी प्रथिन सापडलं. फिल्मवर त्याची काळी पट्टी उमटली, खाली तिच्या नावाऐवजी लिहिलं, रुग्ण क्रमांक सात. साहेबांनी पेढे वाटले. ती नेमकी त्याच दिवशी रक्त द्यायला आली होती, म्हणून मी तिलाही एक दिला. तिनं तो पदराच्या टोकाला बांधला.

"लेकीला न्हेते. पर सासू द्यू द्यायची न्हाई. माझं ताट-तांब्या निराळं केलंय. पोरगी माझ्यापाशी निजत बी न्हाई."

नियम गेला चुलीत. मी कागद घेतला, हा महारोग नाही, कुणाला लागत नाही, असं ठळक लिहिलं आणि साहेबांपुढे धरला. पेढा चघळत त्यांनी न वाचता सही ठोकली. तो कागद मी तिला वाचून दाखवला, अगदी दोनदा.

तिनं कागदाची घडी घालून कमरेला खोचली. मग म्हणाली, "ह्ये तुमाला कवापास्नं ठावं हाय?"

"पहिल्या आठवड्यापासून," मी म्हणाले. खोटं बोलायची लाज वाटली.

"तवा पोरगी अंगावर पीत हुती माझ्या," ती म्हणाली.